दोनशे तास वाढवू नका, तपासा: नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

विमान अपघात झाला की टीव्हीवरच्या चर्चेत एक मागणी हमखास निघते: अमेरिकेसारखी 1500 तास उड्डाणाच्या अनुभवाची अट आपल्या को-पायलटनाही लावा. उड्डाण प्रशिक्षणात काम करणाऱ्या आम्हा मंडळींचा तिला विरोध आहे.

ती अट ज्या अपघातानंतर आली तो आधी पाहू. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून 50 जण दगावले. कॅप्टनचे 3379 तास झाले होते, को-पायलटचे 2244. म्हणजे नवी अट तेव्हा असती तरी दोघेही कॉकपिटमध्येच असते. वेग घटला, स्टॉलचा (पंखांची उचल संपण्याचा) इशारा म्हणून कंट्रोल कॉलम थरथरू लागला, तेव्हा नाक खाली घालायचे सोडून कॅप्टनने तो मागे ओढला. चूक प्रतिक्षिप्त क्रियेत होती. ती सुधारायला नुसते तास साठवून भागत नाही.

आपल्याकडे सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्याला, उड्डाणाचे 200 तास लागतात. त्यात 100 तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन), 20 तास क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दुसरीकडे), 10 तास इन्स्ट्रुमेंट, म्हणजे फक्त उपकरणे पाहून (पैकी सिम्युलेटरचे फार तर 5) आणि 5 तास रात्रीचे. एक फेरी किमान 300 नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. गोंदियाच्या बिरसीहून रायपूर, तिथून नागपूर आणि परत बिरसी, असा त्रिकोण जेमतेम त्यात बसतो. अटी वाईट नाहीत. हे तास भरतात कसे, खरा घोळ तिथे आहे.

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर ढग खाली आले की उड्डाणे रखडतात. विद्यार्थ्याचे शैक्षणिक कर्ज मात्र थांबत नाही, त्यात परवान्याच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत 15 तासांची अट. मग लॉगबुकात ‘पार्कर 51’चे तास शिरतात, म्हणजे पेनाने उडवलेले. दुसरा प्रकार जास्त हुशारीचा. विमान ॲप्रनवर (विमानतळावरच्या तळजागेवर) उभे करून इंजिन चालू ठेवायचे. तास मोजणारा हॉब्स मीटर बहुतेक विमानांत इंजिन तेलाच्या दाबावर चालतो, त्याला विमान हवेत आहे की जमिनीवर हे कळत नाही.

पण इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरला कळते. त्याचा एक तास क्रूझच्या, म्हणजे हवेत नेहमीच्या वेगाने उडतानाच्या, फेऱ्यांवर भरतो. उभ्या विमानाच्या 900-1000 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) तो अर्ध्याहूनही हळू पुढे सरकतो. टॅक्सी करण्यातला आणि धावपट्टीपाशी थांबण्यातला वेळ नियमाने उड्डाणातच धरतात, त्यामुळे दोन्ही मीटरांत थोडा फरक राहणारच. दीड तासाच्या नोंदीला टॅको अर्ध्या तासाचाच दिसला, तर मात्र विचारायला हवे. इंधनाचेही तेच. सेसना 172 तासाला साधारण 30 ते 35 लिटर ॲव्हगॅस (विमानाचे पेट्रोल) पिते. दीड तासाला पन्नासेक लिटर जायला हवे आणि रजिस्टरमध्ये 20 निघाले, तर विमान उडालेले नाही. टॉवरच्या नोंदी आहेत, टेक लॉग (विमानाची तांत्रिक नोंदवही) आहे. जी1000 हे डिजिटल कॉकपिट असेल तर एसडी कार्डवर सेकंदासेकंदाला जागा, उंची आणि आरपीएम उमटतात. आज हे कागद वेगवेगळ्या कपाटांत पडून असतात.

डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, ई-जीसीए पोर्टल आहे, परवानाही आता इलेक्ट्रॉनिक झाला आहे. मग लॉगबुकातल्या प्रत्येक नोंदीसोबत टॅकोचे सुरुवातीचे-शेवटचे आकडे आणि इंधनाचे लिटर भरणे सक्तीचे का नाही? एसडी कार्ड असलेल्या विमानाची फाइल त्याच दिवशी चढवावी. पडताळणीसाठी मोठा फौजफाटा लागत नाही. आकडे जुळले नाहीत तेवढ्याच नोंदी माणसाने पाहाव्यात. स्किल टेस्टचा परीक्षक, ज्या संस्थेत तास झाले तिच्या पगारावरचा नसावा.

दुसरी मागणी कोल्गनच्या धड्याची. युरोपात सीपीएल घेऊन बहुचालक विमानाकडे (एकाहून अधिक वैमानिक लागणाऱ्या) जाणाऱ्याला अपसेट रिकव्हरीचे, म्हणजे तोल गेलेले विमान सावरण्याचे, 5 तास वर्गात आणि 3 तास प्रशिक्षकासह प्रत्यक्ष विमानात द्यावे लागतात. आपल्या दोनशे तासांतच हे तीन तास बसवता येतील. मात्र साध्या प्रशिक्षण विमानावर ते सरसकट उरकू नयेत: विमान त्या कसरतीसाठी प्रमाणित हवे आणि प्रशिक्षकाने आधी स्वतः हा कोर्स केलेला हवा. अशी विमाने आणि असे प्रशिक्षक पुरेसे होईपर्यंत अट टप्प्याटप्प्याने लावा, पण पहिल्या टप्प्याची तारीख याच वर्षी जाहीर करा.

आपले,
उड्डाण प्रशिक्षण क्षेत्रातील काही प्रशिक्षक व अभियंते