मांडीवरची फाइल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ७ वर ‘बेघरांना मायेची ऊब’ ही बातमी आणि बातमीपेक्षा मोठा फोटो पाहिला. गाडगेबाबांच्या पुण्यतिथीचं औचित्य साधून परळच्या फुटपाथवर ब्लँकेटवाटप. फोटोत अकरा कार्यकर्ते, एक ब्लँकेट आणि एक म्हातारा. अकरा मी मोजलेत. खाली नावंही अकराच छापलीत, म्हाताऱ्याचं तेवढं राहिलंय. रात्री राग गिळून झोपलो, सकाळी उठलो तरी तो होताच, म्हणून लिहितोय.

त्या म्हाताऱ्याच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली एक फाइल आहे. नाकावर चिकटपट्टी आहे आणि तिच्याखालून निघालेली बारीक नळी कानामागे नेलेली आहे. तुमची छपाई असते तशीच पुसट आहे, तरी मला दिसली. कॅमेरा लावून बघणाऱ्याला दिसली नाही? जेरबाई वाडिया मार्गावर मांडीवर फाइल घेऊन बसलेला माणूस म्हणजे बहुतेक टाटा कॅन्सर हॉस्पिटलचा पेशंट. त्याला घर असतं. फक्त ते जळगावला असतं, बीडला असतं, नाहीतर पार बिहारात असतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. २००७ साली त्याच फुटपाथवर मी वडिलांना घेऊन अकरा रात्री काढल्यात. आमचं गाव करमाळा तालुक्यात. चार खणांचं माळवदाचं घर, साडेचार एकर रान, दावणीला दोन म्हशी. तंबाखूनं आबांचा डावा गाल खाल्ला. ऑपरेशन झालं, मग शेक (रेडिएशन) सुरू झाले. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे. शेक दहा मिनिटांचा, बाकीचा दिवस आणि अख्खी रात्र कुठं काढायची? लॉज परवडत नव्हतं. जेऊरला गाडी धरून रोज ये-जा करायला मुंबई काही आमच्या शेजारचं टेंभुर्णी नाही. धर्मशाळेत नाव घातलं होतं, नंबर लागेपर्यंत पथारी टाकली.

सहाव्या की सातव्या रात्री पावणेबाराच्या सुमाराला टेंपो आला. पुढं बॅनर, मागं मोठा दिवा. त्या उजेडानं अख्खी ओळ दचकून जागी झाली. आबांना नुकता कुठं डोळा लागला होता. चार जणांनी चार टोकं धरून त्यांच्या अंगावर ब्लँकेट टाकलं आणि “बाबा, इकडं बघा, इकडं” सुरू केलं. बाबांनी बघितलं. गावाकडं फोटो काढायचा म्हटला की ते टोपी नीट करायचे, तशी त्यांनी त्या झोपेतसुद्धा टोपी नीट केली.

दोन दिवसांनी एका वर्तमानपत्रात (तुमच्या नव्हे, घाबरू नका) तो फोटो आला. खाली ओळ: ‘भिक्षेकऱ्यांना ब्लँकेटवाटप’. तो अंक जेऊरच्या स्टँडवरच्या हॉटेलात कुणीतरी वाचला, तिथून गावात आला आणि संध्याकाळच्या आत आईच्या कानावर गेला. त्या वेळी माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक चालली होती. पाव्हणे विचारायला आले, “तुमचे मालक मुंबईत नक्की काय करतात?” लग्न मोडलं नाही, खोटं कशाला सांगू. पण आईला घरातला सातबारा काढून दाखवावा लागला. आबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी केसपेपरच्या मागं पेन्सिलीनं मला लिहून विचारलं, “घेतलंस कशाला?”

त्या वर्तमानपत्राला मी तेव्हा पोस्टकार्ड टाकलं होतं, खुलासा छापा म्हणून. उत्तराची वाट बघतोय.

ब्लँकेट चांगलं होतं, हेही सांगतो. पुढं सात-आठ वर्षं ते आमच्या विहिरीवरच्या मोटारीवर पांघरलेलं होतं. पण आम्हाला ते नको होतं, हे विचारलं असतं तर सांगितलं असतं. मुंबईत थंडी अशी असते किती? आम्हाला हवी होती डासांची अगरबत्ती, अंघोळीला एक बादली पाणी आणि मिक्सर.

हो, मिक्सर. वाटपवाले वडापाव आणायचे, पुरीभाजी आणायचे, कुणी तिखटजाळ मसालेभात. देणाऱ्याची नियत चांगलीच. पण त्या ओळीतले निम्मे लोक तोंडाचे नि घशाचे पेशंट. ते ती पुरी हातात धरून बसायचे. आबांचं सगळं नळीतून. दूध, डाळीचं पाणी, नाचणीची आंबील, दर दोन तासांनी सिरिंजनं. एक गुठळी राहिली तरी नळी तुंबते, आणि मग पुन्हा कॅज्युअल्टीत बाकड्यावर नंबर. मी आधी वाटीनं चेचायचो आणि धोतराच्या फडक्यातून गाळायचो, तरी एकदा तुंबलीच. मागच्या चाळीतल्या एका मावशींनी हे येता-जाता बघितलं होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अरे, वर आण ते डाळभात, मी फिरवून देते.” तिथून पुढं रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. मिक्सरमधून काढायचं, मलमलीतून गाळायचं, स्टीलच्या तांब्यात भरून द्यायचं. झाकणावर ताटली आणि ताटलीवर लिंबाची एक फोड असायची. फोड माझ्या वरणाला. आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जाईपर्यंत त्यांनी हे केलं. त्यांचा फोटो कुठं आल्याचं मला माहीत नाही, आणि आला असता तर त्यांनी मला चांगलंच झापलं असतं.

बाराव्या दिवशी धर्मशाळेत जागा मिळाली. डोक्यावर छप्पर, पाठ टेकायला जागा. आबा पहिल्या दिवशी दुपारचे चार तास गाढ झोपले. आता ज्यांच्या पुण्यतिथीला हे वाटप झालं, त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न आहे, उघड्यानागड्यांना वस्त्र आहे, बेघरांना आसरा आहे, रोग्यांना औषधोपचार आहे. फोटोचं अकरावं सूत्र कधी जोडलं, ते मंडळानं कळवावं. बाबा हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं त्यांनी धर्मशाळा बांधल्या, कारण वारकऱ्याला, गरिबाला पाठ टेकायला जागा लागते हे त्यांना ठाऊक होतं. एकदा जागा झाली की ती वर्षभर उपयोगी पडते. ब्लँकेट टेंपोतून उतरतं आणि टेंपो निघून जातो.

आणि जे खरोखर बेघर आहेत, त्यांच्याबद्दल तरी काय छापलंत? २०११ च्या जनगणनेत मुंबईत ते ५७ हजारांहून अधिक भरले. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं होतं, शहरात लाख लोकसंख्येमागं एक निवारा, बाराही महिने, चोवीस तास. त्याच जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे झाले. प्रत्यक्षात किती आहेत, त्यांतल्या किती ठिकाणी बाई लहान पोर घेऊन रात्री दहा वाजता गेली तर आत घेतात, हे तुमच्या वार्ताहरानं एकदा फिरून मोजावं. अकरा नावं लिहून घेण्यापेक्षा थोडी जास्त तंगडतोड होईल, एवढंच.

माझं मागणं छोटं आहे. उद्याच्या अंकात दोन ओळींचा खुलासा छापा, की फोटोतली व्यक्ती उपचारासाठी आलेली आहे, बेघर नाही. नाव घालू नका. तुमचा अंक त्यांच्या गावच्या स्टँडवरही जातच असेल.

आणि त्या मंडळाच्या अध्यक्षांना (फोटोत डावीकडून तिसरे, गॉगलवाले, रात्री गॉगल!) माझा निरोप द्या. पुढच्या वर्षी ब्लँकेटांच्या पैशांत चार मिक्सर घ्या, आणि जवळपासच्या एखाद्या चाळीत सकाळ-संध्याकाळ तासभर प्लग मिळतो का विचारा. मावशी अजून सापडतात.

कळावे,
आपला,
एक जुना वर्गणीदार, कल्याण (पूर्व)

ता. क. ही बातमी माझ्या हातून सुटणारच होती. पहिली दोन पानं बिल्डरच्या जाहिरातीची, त्यामुळं वर्तमानपत्र तिसऱ्या पानापासून सुरू होतं. किंमत मात्र पहिल्या पानापासून घेता. आमचा पेपरवाला म्हणतो, “काका, ती पानं रद्दीत वजनाला चांगली.”