जानेवारीत जैसलमेर, आणि स्टिअरिंग माझ्याकडे

ती. आई-बाबांस,
सा. न.

मोटरहोमचे, म्हणजे आत राहायची सगळी सोय असलेल्या गाडीचे, पैसे भरून झाले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकहून निघायचं, बाडमेर-जैसलमेर करून परत. आधी विचारलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते आणि आईने गुडघे पुढे केले असते. म्हणून ठरवून मग कळवतेय. रागवा, पण पूर्ण वाचून.

रेल्वेने स्वस्त पडलं असतं, मान्य. पण आई, तुला बाहेरचं बाथरूम चालत नाही आणि त्यापायी तू प्रवासात पाणी पीत नाहीस. वाळवंटात तेच महागात पडतं. हवा इतकी कोरडी की घाम आला तरी कळत नाही, तहान उशिरा लागते आणि तोवर डोकं दुखायला लागलेलं असतं. गाडीत कमोड आहे, घरच्याएवढाच उंच. खाली वीस लिटरची सरकती टाकी असते, चौघांना दीड-दोन दिवस पुरते. त्यात निळं औषध घालतात, वास येत नाही. फिनेल मात्र ओतू नकोस. रबराचं सील खराब होतं आणि मग खरंच वास येतो. टाकी रिकामी करणं माझं आणि निखिलचं काम, त्याबद्दल अवाक्षर नको.

वापरायच्या पाण्याची टाकी 120 लिटरची. चौघांनी रोज बादलीभर अंघोळ केली तर दीड दिवसात खडखडाट. तेव्हा एक दिवसाआड अंघोळ. बाबांची तेवढी रोजची, पण पाच लिटरात. प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी जारमध्ये वेगळं. निघताना घरूनच दोन जार भरून घेऊ. तिकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं आणि जड. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी कचकचीत राहते. पुढे जार आरओचेच घ्यायचे. गोडा मसाला घे, मेतकूट घे. इलेक्ट्रिक किटली घरी ठेव, इन्व्हर्टर बंद पडेल. मिक्सर दोन मिनिटं चालतो.

बाबांच्या झोपेच्या मशीनचा, रात्री श्वासासाठी मास्क लावतात त्या सीपॅपचा, हिशेब केलाय. बॅटरी 12 व्होल्ट, 200 अँपिअर-तासांची, म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. फ्रिज दिवसाला अर्धा युनिट खातो, मशीन रात्रभरात पाव युनिटच्या आसपास. वाफेचा भाग चालू केला तर मशीनचं दुप्पट-तिप्पट होतं, तरी पुरतं. तिकडच्या हवेत घसा सुकेल, तेव्हा वाफ बंद करून काटकसर करायची नाही. छतावरच्या सोलरवर धूळ बसली की चार्जिंग घसरतं. ते पुसायला शिडीवर निखिल चढेल. बाबा, वाचताय ना? निखिल.

आईची न उघडलेली इन्सुलिन पेन फ्रिजच्या दारात ठेवायची, मागच्या थंड पत्र्याला टेकवून नाही. एकदा गोठलं की फेकायचं. चालू पेन बाहेर चालतं, पण डॅशबोर्डवर नको, काचेतून ऊन येऊन जानेवारीतही तिथे भट्टी होते. बीपीची लघवीवाटे पाणी काढणारी गोळी प्रवासात कशी घ्यायची, ते डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका, मागच्या वेळेसारखी.

रात्री निफाडसारखी थंडी असते. तरी दार-खिडक्या बंद करून शेगडीवर शेकत बसायचं नाही. आत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. गॅस गळला तर हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो, म्हणून फरशीत जाळी ठेवलेली असते. आई, गार वारा येतो म्हणून तिच्यावर पायपुसणं टाकू नकोस. निरांजन लावायचं तर दार उघडून, शेगडी बंद असताना.

आता जे लिहायला जड जातंय ते. बाबा, गाडी तुम्ही चालवायची नाही. तुमच्या हाताबद्दल शंका नाही. कसारा घाटात फियाट कुणी उतरवली हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण ही गाडी उंचीला तीन मीटरच्या घरात, मागचा भाग मागच्या चाकांच्याही मागे इतका निघालेला की वळताना बाहेर फेकला जातो. आणि मोतीबिंदूनंतर समोरच्या दिव्यांचा त्रास होतो हे तुम्हीच म्हणालात. तसंही अंधारात कुणीच चालवणार नाही. बाडमेरपुढे रस्त्यात उंट उभे असतात; डिपरचा उजेड त्यांच्या पायांवरच पडतो, अंग दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर, चार वाजता मुक्काम.

टायर मात्र तुमच्याकडे. सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना सहाही चाकांची हवा बघायची. दुपारी मीटर पाच-सहा पीएसआय जास्त दाखवेल, ती कमी करायची नाही. कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि फुटतो. मागच्या जोडचाकांमध्ये दगड अडकलाय का तेही पाहा. आणि समोरून ट्रक आला म्हणून गाडी वाळूत उतरलीच, तर "रेस दे, रेस दे" ओरडू नका. चाक फिरतं तसं ते रुततं. आधी पुढची वाळू उपसायची, हवा कमी करायची, फळ्या घालायच्या, मग पहिल्या गिअरमध्ये हळू. डांबरावर आलो की लगेच हवा भरायची.

आई, जैसलमेरजवळ समच्या वाळूच्या टेकड्यांवर जाऊ, तिथे उंटावर बसायचं नाही. तो मागच्या पायांवर आधी उठतो आणि माणूस पुढे फेकला जातो. तुझ्यासाठी उंटगाडी. जैसलमेरजवळच्याच अकल गावातले दगड झालेले झाडांचे बुंधे तुला दाखवायचेत, अठरा कोटी वर्षांचे. लहानपणी माझ्या फ्रॉकच्या खिशातले खडे तू फेकून द्यायचीस. तिथले उचलायला बंदी आहे, काळजी नको.

लोकरीचे मोजे, कानटोपी, औषधांच्या चिठ्ठ्यांच्या दोन प्रती काढून ठेवा. दादाला मी सांगते. तुम्ही आधी फोन करू नका, नाहीतर तो पुन्हा वणीचा विषय काढेल.

तुमची,
मनू