ताई, गव्हावर राग धरू नकोस

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, होऊन महिना झाला. फोनवर आपलं रोज बोलणं होतं, पण जे बोलायचं तेच तोंडातून निघत नाही. म्हणून आज गिरणी लवकर बंद केली आणि लिहायला बसलो.

आखाजीच्या दिवशी तुझी आई पहाटे चारपासून मांड्यांसाठी, आपल्या त्या मोठ्या पुरणपोळ्यांसाठी, मातीच्या खापराच्या मागे होती. गहू मी स्वतः निवडून, बारीक दळून, वस्त्रगाळ करून दिला होता. कणकेला तेल-पाण्याचा हात लावत तिनं ती इतकी तिंबली, की हातावर घेतली तर ओघळत यावी पण तुटू नये. मग पुरण भरलं, आणि मांडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत आला, तो उलट्या खापरावर पडला. तू दारात उभी राहून बघत होतीस. लहानपणी याच वेळी तू पहिला मांडा मागायचीस.

पानं वाढली तेव्हा तू पिशवीतून बिस्किटांचं पाकीट काढलंस. आमरस घेतलास, दूध आणि तूप बाजूला सरकवलंस. आजीनं विचारलं, "काय व्हयनं वं माय, पोटमा दुखस का?" तू म्हणालीस, "नाही आजी, ग्लुटेन आणि डेअरी बंद केलंय, वजन कमी करायचंय." आजीला त्यातलं काही कळलं नाही. तिनं तुझ्या पाठीवरून नुसता हात फिरवला. रात्री आई उरलेल्या मांड्यांच्या घड्या घालत बसली होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

मांडा खाल्ला नाहीस याचं मला वाईट वाटलं नाही. मला टोचतंय ते वेगळं. डिसेंबरात धुळ्याच्या लग्नात, चार नातेवाइकांच्या देखत, मी म्हणालो होतो, "आमची ताई आता चांगलीच भरली." तू हसलीस. जानेवारीत तू हे सगळं सुरू केलंस. ते मी बोलायला नको होतं. माझ्या लेकीच्या अंगाविषयी बोलायचा अधिकार मला आहे असं मी धरून चाललो होतो, तो नव्हता. माफ कर मला.

वजन कमी करायची तुझी इच्छा मात्र मला पटते. तुझी उंची 157 सेंटिमीटर, वजन 66 किलो. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, जवळजवळ 27 येतो, आणि आपल्याकडच्या लोकांसाठी 23 च्या वर जास्त वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात. आपल्या घरात तुझ्या काकांना साखर आहे, आत्यालाही आहे. तू चार किलोनं जरी उतरलीस तरी पुढे त्याचा फायदा होईल. तेव्हा वजन उतरव, मी तुझ्या बाजूनं आहे. पण त्यासाठी गहू आणि दूध सोडण्यात मला काही हशील दिसत नाही, आणि का ते एका दळणाऱ्या माणसाकडून ऐक.

ग्लुटेन म्हणजे तेच, जे तू त्या दिवशी आईच्या हातावर ताणलेलं पाहिलंस. गव्हातलं ते प्रथिन आहे. पाणी लागलं आणि तिंबलं, की त्याची जाळी तयार होते, म्हणून मांडा कोपरापर्यंत येतो. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरीला गरम पाणी घालून पीठ मळावं लागतं, पोळपाटावर लाटता येत नाही, थापावी लागते. बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, भगर, यांतही नाही. जवात आहे, राय नावाच्या धान्यात आहे. म्हणजे दादर ज्वारीची भाकरी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाणारा आपला खान्देश हा शब्द कानावर पडायच्या आधीपासून अर्धं जेवण ग्लुटेनशिवायच जेवत आलाय. म्हणून आपल्याकडे सगळे सडपातळ आहेत का? तूच आठवून बघ.

कारण पीठ हे पीठच असतं. गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ, कोणतंही घे, 100 ग्रॅमला साधारण 320 ते 360 कॅलरी. गिरणीवर मला वजनाची सवय आहे म्हणून सांगतो, आईच्या एका फुलक्याला 30 ग्रॅम पीठ लागतं आणि आपल्याकडच्या मोठ्या भाकरीला 80 ते 100 ग्रॅम. तू फोनवर सांगितलंस की रात्री तीन पोळ्यांच्या जागी दोन भाकरी खातेस. ताई, पीठ दुपटीनं पोटात गेलं.

आता तुला त्या मुलाचं सांगतो, ज्याच्यामुळे मी हे सगळं शिकलो. चार वर्षांपूर्वी पलीकडच्या पेठेतल्या एक बाई डबा घेऊन आल्या आणि विचारलं, "भाऊ, माझ्या आधी दगडावर कोणाचं दळण होतं?" मला वाटलं सोवळ्याचं काही असेल. त्यांचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, हातपाय काडीसारखे, पोट पुढे आलेलं, सारखे जुलाब. दोन-तीन वर्षं जंताची औषधं आणि टॉनिक देण्यात गेली. शेवटी मोठ्या शहरात रक्त तपासलं, मग दुर्बिणीनं लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला, तेव्हा सिलिअॅक निघाला. या आजारात ग्लुटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. ते अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध एकच, गहू आणि जव जन्मभर बंद.

त्या पोरासाठी मी मंगळवारी पहाटेची वेळ ठेवली. आदल्या रात्री दगड उघडून ब्रशनं झाडायचा, पीठ पडतं ती कापडी नळी बदलायची. त्याच्या नावाची नळी खिळ्याला वेगळी टांगलेली असायची. त्यांचीच दोन किलो ज्वारी आधी दळून गुरांना काढून ठेवायची, मग खरं दळण. तरी मला झोप लागेना. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पिठात किलोला 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही असा नियम आहे, आणि माझ्या गिरणीच्या तर हवेत गहू. माझ्या भुवया संध्याकाळी पांढऱ्या असतात ते काय उगीच? शेवटी मीच त्या बाईंना म्हणालो, ताई, माझ्याकडे दळू नका, घरात छोटी चक्की घ्या. वापरलेली एक शोधून दिली, दगडाला नवी टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडून दिली.

हे एवढं लांबण लावलं ते एका गोष्टीसाठी. गहू बंद केल्यावर त्या पोराचं वजन *वाढलं*. आतडं भरून आलं, खाल्लेलं अंगी लागायला लागलं. आता तो सायकल हाणत गिरणीवरून जातो. ज्या आजारासाठी हा आहार आहे, त्यात तो अंग धरायला लावतो. त्यावरून वजन घटवायचा मंत्र कुणी काढला मला ठाऊक नाही.

या आजाराचा गव्हाशी संबंध पक्का झाला तो नेदरलँडमध्ये. विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे तिकडे पावच मिळेना, लोक उपाशी, आणि ही आजारी मुलं मात्र सुधारायला लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. मी तीस वर्षं गहू दळतोय, आणि हे कळलं त्या रात्री मला कसंतरी झालं.

तू आखाजीला पाकिटातली चार बिस्किटं खाल्लीस आणि पाकीट इथेच विसरलीस. मी चष्मा लावून मागची बाजू वाचली. तांदळाचं पीठ, साखर, पाम तेल, बटाट्याचा आणि टॅपिओकाचा स्टार्च. गव्हाची जाळी नसली की बिस्कीट भुसभुशीत होतं, मग ते बांधायला स्टार्च आणि चवीला साखर-तेल. बिस्कीट साधं असो की ग्लुटेनमुक्त, 100 ग्रॅमला साडेचारशे-पाचशे कॅलरीच्या घरातच जातं. किमतीचं मी बोलत नाही, तुझा पगार तुझा आहे.

तू म्हणशील, पण नाना, पहिल्या महिन्यात तीन किलो उतरले. उतरले असतील. तेव्हा तुझं काय काय सुटलं ते बघ. ऑफिसातला संध्याकाळचा वडापाव, शुक्रवारचा पिझ्झा, वाढदिवसांचे केक, चारदा साखरेचा चहा, आइस्क्रीम. गव्हाच्या नावाखाली मैदा आणि दुधाच्या नावाखाली साखर गेली. शिवाय शरीर पिठुळ पदार्थांचा साठा पाण्यासकट करतं, एका ग्रॅममागे जवळजवळ तीन ग्रॅम पाणी. खाणं एकदम कमी केलं की ते पाणी पहिलं जातं, आणि काटा खाली आला म्हणून माणूस खूश होतो. मार्चमध्ये ही बिस्किटं आणि बदामाच्या दुधाची गोड कॉफी आली, तसे दोन किलो परत आले. तूच आईला सांगितलंस.

दुधाचं थोडक्यात. दूध पचत नाही अशी माणसं असतात, आपल्या आजीचंच उदाहरण. दुधातली साखर फोडणारं पाचकद्रव्य वयाबरोबर कमी होतं, मग पोट फुगतं. पण तिनं ताक कधी सोडलं नाही, कारण विरजणात त्या साखरेचा काही भाग आंबून जातो. तिला तिच्या आईनं एवढंच सांगितलं होतं, दूध नको, ताक पी. तुला दुधानं त्रास होत असेल तर तूही तेच कर. वजनासाठी म्हणून सोडायचं असेल तर हिशेब बघ. पेलाभर म्हशीच्या दुधात सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात, पेलाभर बदामाच्या दुधात जेमतेम एक. भूक धरून ठेवायला प्रथिनंच लागतात. म्हशीचं दूध जड वाटतं तर गाईचं घे, साय काढून घे. आणि आपण माळकरी, अंडं-मटण घरात येत नाही. बी-12 जीवनसत्त्व आपल्याला जवळजवळ फक्त दूध-दह्यातून मिळतं. त्याचा साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून कमी पडतंय हे लवकर कळतही नाही. कॅल्शियमची गरज रोज 1000 मिलिग्रॅम. ते तीळ-नाचणीतून काही प्रमाणात भरेल, बी-12 भरणार नाही.

मग वजन कुठून उतरवायचं? मला वाटतं तुलाही ते माहीत आहे. चहातली साखर: दोन चमचे म्हणजे 40 कॅलरी, चार कप म्हणजे 160, रोज. भाजीवरचं तेल: ग्रॅमला 9 कॅलरी, मग ते शेंगदाण्याचं असो की महागाचं. आपल्या शेवभाजीच्या आणि भरिताच्या तर्रीलाही हे लागू आहे, ते मी झाकून ठेवत नाही. बट्टी तुपात बुडवून खाण्याबद्दलही हेच. रात्री साडेदहाला मागवून जेवणं बंद कर, आठला डाळ, भाजी, काकडी-टोमॅटो आणि दोन फुलके खा. नऊ-नऊ तास खुर्चीवर बसतेस, तर जेवणानंतर अर्धा तास चाल. मी चालतो तेव्हा फोन करत जा, दोघं चालू.

आता एक गोष्ट नीट वाच. आखाजीला तू आईला म्हणालीस की पोळी खाल्ली की पोट गच्च होतं, आणि हल्ली थकवा येतो. ते मी विसरलेलो नाही. सिलिअॅक मोठेपणीही निघतो, आणि अंगानं भरलेल्या माणसातही असू शकतो. गव्हात ग्लुटेनशिवाय दुसरीही पोटात वायू धरणारी द्रव्यं असतात, त्यानंही त्रास होतो. दुधाचाही असू शकतो, आणि थकवा थायरॉइडचा किंवा रक्त कमी असल्याचाही असेल. हे ओळखायचं काम तुझं-माझं नाही, पोटाच्या डॉक्टरांचं. सिलिअॅकची रक्ततपासणी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, एवढं विचार त्यांना. आणि त्यांना पहिल्याच भेटीत सांग की मी पाच महिने गहू खाल्लेला नाही. गहू बंद असताना तपासणी केली तर आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. काही आठवडे रोज पोळी खाऊन मगच रक्त द्यावं लागतं. किती आठवडे ते तेच सांगतील. त्या पोराच्या आईनं कंटाळून आधीच गहू बंद केला होता, म्हणून त्यांना सगळं पुन्हा करावं लागलं. पोराचे ते दिवस त्यांना आठवत नाहीत असं नाही.

शनिवारी ट्रॅव्हल्सनं डबा पाठवतोय. दोन किलो कळण्याचं पीठ आहे, ज्वारीत उडीद आणि मीठ घालून मीच दळलंय. बिबडे आईचे, लसणाचा ठेचा आजीचा. पीठ माझ्या गिरणीचं आहे म्हणजे त्यात गव्हाचा अंश असणारच. तपासणीत काही निघालं तर ते पीठ तू खाऊ नकोस, कुणाला तरी दे आणि मला लगेच कळव. मी इथून घरचक्की घेऊन येईन, टाकी लावूनच आणीन. काही निघालं नाही तर भाकरी लहान थाप.

आईनं दोन मांडे तेव्हाच तुपाचा हात न लावता कडक वाळवून ठेवले होते. तेही डब्यात घातलेत. तू खा किंवा खाऊ नकोस, तिला फोन कर.

तुझे,
नाना