आभार

आमचे वडील गेली चाळीसहून अधिक वर्षे उजनीच्या जलाशयात मासेमारी करतात. 1980 साली धरण पूर्ण झाले आणि आजोबा ज्या भीमेच्या डोहात जाळे टाकीत, तो डोह यशवंतसागराच्या पाण्याखाली गेला; तेव्हापासून संध्याकाळी जाळी सोडायची, पहाटे ओढायची आणि उजाडण्याआधी माल बाजारात न्यायचा, हाच आमच्या घराचा दिनक्रम आहे. पूर्वी रोहू, कटला भरपूर मिळत. आता जाळ्यात चिलापीच अधिक येते, आणि तिच्या काट्यांनी आईची बोटे सोलून निघतात.

गेल्या महिन्यात टेंभुर्णीला माल उतरवताना वडिलांच्या छातीत कळ आली. ज्या रिक्षाचालकाने भाडे सोडून त्यांना जवळच्या डॉक्टरांकडे नेले, ज्या दोन तरुणांनी पुढे सोलापूरपर्यंत त्यांच्याशेजारी बसून त्यांना धीर दिला आणि रात्री रक्तही दिले, त्यांची नावे विचारण्याचे भान आम्हाला राहिले नाही. हे आमचे चुकलेच.

बाजारात बर्फात राहिलेला माल कोणीतरी विकून दिला. तिसऱ्या दिवशी आईच्या हाती वहीच्या कागदात गुंडाळलेले 1,340 रुपये आले; कागदावर चिलापी आणि मरळ यांचे वजन वेगवेगळे लिहिले होते आणि कोणाचीही हमाली त्यातून कापलेली नव्हती. (वडिलांनी हिशेब दोनदा तपासला, सवयच तशी.)

आपणा सर्वांचे आम्ही कुटुंबीय मनःपूर्वक आभारी आहोत. वडील आता घरी आहेत, ओट्यावर बसून फाटलेली जाळी विणतात. कधी किनाऱ्याकडे येणे झाले, तर कालवणाला अवश्य थांबावे.