गाजरगवताची मोहीम फुलोऱ्याआधी हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टदरम्यान देशभर गाजरगवत जागरूकता सप्ताह पाळला जातो. त्यातील श्रमदानाबद्दल मला आदर आहे. परंतु पहिल्या पावसाबरोबर उगवलेले हे तण महिना-दीड महिन्यात फुलावर येते, त्यामुळे ऑगस्टच्या मध्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी ते बी धरू लागलेले असते आणि अशी झाडे उपटून रस्त्याच्या कडेला ढीग घातला, तर पुढच्या वर्षाची पेरणी आपल्याच हातून होते.

सूर्यफुलाच्या कुळातील पार्थेनियम या प्रजातीचे हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. याच प्रजातीतील ग्वायुले हे मेक्सिकोच्या वाळवंटी भागातील झुडूप रबर देते. गाजरगवतातील पार्थेनिन हे रसायन मात्र अनेकांच्या अंगावर खाज आणि पुरळ उठवते आणि शेतात राबणाऱ्यांना हा त्रास वर्षानुवर्षे सोसावा लागतो. एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्या वारा, पाणी व चाकांना लागलेला चिखल यांबरोबर दूरवर जातात.

कोवळेपणी या झाडाची चिरलेली पाने जमिनीलगत गोलाकार पसरतात. तेव्हा ओल्या मातीतून ते मुळासकट सहज निघते, बी नसल्याने त्याचे कंपोस्टही करता येते. नुसते विळ्याने कापले, तर बुडख्यातून पुन्हा फुटते. उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बेंगळुरूत सोडलेला, फिकट अंगावर तपकिरी रेघा असलेला भुंगा पावसाळ्यात हे गवत फस्त करतो. तो दिसेल तिथे कीटकनाशक फवारू नये. पडीक जागेत पावसाआधी टाकळ्याचे बी फेकल्यास तो दाट वाढून गाजरगवताला दाबतो.

म्हणून ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी उपटणीची पहिली फेरी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्यावी आणि ऑगस्टमधील सप्ताह राहिलेली झाडे काढण्यासाठी ठेवावा. बहुतेकांना हे गवत पांढऱ्या फुलांवरूनच ओळखता येते. तेव्हा आपल्या वृत्तपत्राने मृगाच्या सुमारास त्याच्या कोवळ्या रोपाचे छायाचित्र ठळकपणे छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक