लांब पायांचा प्रत्येक कोंबडा असील नसतो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

घणसोली गावात आमचं जुनं घर आहे, मागे थोडी मोकळी जागा उरलीय. शेती सगळी सिडकोच्या संपादनात गेली तरी तेवढा कोपरा राहिला आणि तिथं आईच्या कोंबड्या अजून आहेत, पिल्लं धरून अठरा-वीस. पत्र लिहायचं कारण म्हणजे हल्ली आपल्या ठाणे-नवी मुंबईत ज्याला त्याला असील, म्हणजे झुंजीसाठी नावाजलेली देशी कोंबड्यांची जात, पाहिजे, आणि ज्याच्या त्याच्या खुराड्यात असीलच आहे. मान जरा लांब दिसली, पाय पिवळे आणि दणकट दिसले, दुसऱ्या कोंबड्यावर धावून गेला की झालं, असील. भाव लगेच तिप्पट.

मीही फसलोय म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका बाजारातून तीन महिन्यांची जोडी आणली, प्युअर असील म्हणून, 4,500 रुपये मोजले. आईनं पिशवीतून काढून हातात घेतली आणि लगेच बोलली, "यो कोंबरा असील नाय." मी म्हटलं तुला काय कळतं, रंग बघ ना कसला आहे. आठ महिन्यांनी त्या कोंबड्याचा तुरा करवतीसारखा उभा राहिला, चोचीखाली लाल कातडं लोंबायला लागलं आणि शेपटी कोयत्यासारखी वर वळली. आईचं बरोबर होतं, आजोबांनी असील पाळलेले, लहानपणी रोज तिनेच दाणे टाकलेले.

नंतर मी तिला नीट विचारलं की तुला कळलं कसं. ती बोलली, हाताला कळतं. असीलचं पीस आखूड, कडक आणि अंगाला चिकटलेलं असतं, खाली मऊ कापूस जवळजवळ नसतो, त्यामुळे दिसतो त्यापेक्षा हातात जड लागतो. छातीच्या हाडावर पीस विरळ असतं, लाल कातडी दिसते. तुरा मटाराच्या शेंगेसारखा, बुटका, डोक्याला चिकटलेला, आणि चोचीखाली लोंबणारं कातडं जवळपास नाहीच. कवटी रुंद, चोच आखूड आणि मजबूत, डोळा फिकट मोत्यासारखा. उभा राहतो तो खांदे बाहेर काढून, पाय फाकवून, छाती वर, पाठ मागे उतरती आणि शेपटी खाली झुकलेली. चांगला पोसलेला नर 3-4 किलो भरतो. ह्यातलं एकच काहीतरी जुळलं म्हणून खूश होऊ नका, सगळं मिळून बघायचं.

एकट्या तुऱ्यावर तर अजिबात जाऊ नका, कारण मटार तुऱ्याचा गुण वरचढ असतो. असील नर आपल्या साध्या गावठी कोंबडीला लावला तरी पहिल्या पिढीच्या पिल्लांना तुरा मटारासारखाच येतो, फक्त जरा उंच. इथेच विकणारे खेळतात. शिवाय बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं असील आणि आपल्याच कॅरी रेड नावाच्या कोंबडीच्या संकरातून कॅरी निर्भीक नावाची कोंबडी काढलीय, ती परसात पाळायला चांगली आहे, पण तिला प्युअर असील म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

रंगाचं तर विचारूच नका. लोक म्हणतात आमच्याकडे याकूब आहे, पीला आहे, नूरी आहे, जणू काही वेगवेगळ्या जाती आहेत. ही असीलमधल्या रंगांची नावं आहेत. पीला सोनेरी-लाल, याकूब काळा-लाल, नूरी पांढरा, कागर काळा. ह्यातले रंग कुठल्याही गावठी कोंबड्याला असू शकतात, मग तो असील कसा झाला? पिवळ्या पायांचं पण तसंच, पिवळ्या कातडीचा गुण आपल्याच सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या वंशातून पाळीव कोंबड्यांत आला असं शास्त्रज्ञांनी दाखवलंय, आज जगभरच्या कोंबड्यांत तो आहे. आणि तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला पक्का असील म्हणणाऱ्याला पैसे देऊच नका, असील सावकाश भरतो. आईबाप दाखव म्हणायचं, दाखवत नसेल तर निघायचं.

मला ह्याचं एवढं का लागतं तर दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे असीलची कोंबडी अंडी फार कमी देते, पण खुडूक बसली की पिल्लं मांजराला सुद्धा हात लावू देत नाही, हा वाण जपण्यासारखा आहे आणि खोट्या नावाखाली अशीच भेसळ होत राहिली तर दहा वर्षांनी खरा शोधून सापडणार नाही. पशुगणनेत जातीप्रमाणे नोंद होते, ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 21 व्या गणनेत सगळ्या पशुपक्ष्यांच्या मिळून 219 देशी जाती धरल्या होत्या, आपण तिथं खुशाल असील सांगितलं तर चुकीचं तेच कागदावर जाणार. दुसरं म्हणजे असील म्हटलं की शेजारच्या सोसायटीतले लोक झुंजीवाला समजतात. झुंज लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे आणि तो असायलाच पाहिजे, पण पाळणं म्हणजे झुंज लावणं नव्हे.

आणि गावठीला गावठी म्हणायला लाज कसली? आपल्या राज्याची नंदुरबारकडची बुसरा ही नोंदणी झालेली जात आहे, तिचं नाव इथं कुणी घेत नाही.

आपल्या पेपरातून पशुसंवर्धन विभागाला एक विनंती पोचवा. मुरबाडला म्हशाची यात्रा भरते तेव्हा तिथं एक टेबल टाकून जाणकार डॉक्टर बसवा, लोक पक्षी घेऊन येतील, हातात घेऊन सांगा हा काय आहे. खरा असील असेल त्याची नोंद करा, नसेल तर तोंडावर नाही सांगा. पहिला कोंबडा मी माझाच घेऊन येईन.

आपला एक वाचक,
घणसोली, नवी मुंबई