कन्याशाळेतल्या मिशा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर लागला की सांगलीतल्या कन्याशाळांत मिशांची टंचाई सुरू होते. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भावे यांनी याच गावात ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा बायकांची कामंही पुरुषांनीच केली होती. गॅदरिंगला आमच्या शाळा त्याची व्याजासकट परतफेड करतात. अफजलखान नववी ‘ब’मधली, पोस्टमन सातवीतली आणि नवरीचा बाप म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. ती शाळा सोडेपर्यंत तिला दुसरा पार्ट मिळत नाही.

हसू येतं ते ठीक, पण दरवर्षी त्याच त्या चुका होतात आणि त्या टाळता येतात, म्हणून हे पत्र.

पहिली चूक काजळाची. काजळात तेल असतं. दिव्यांखाली घाम आला की मिशी ओठावर उतरते, तिथून बाहीवर आणि मिठी मारण्याचा प्रसंग असेल तर आईच्या पार्टातल्या मुलीच्या गालावर. आयब्रो पेन्सिल घ्या. आधी चेहऱ्याला रंग लावून पावडर मारा आणि मग केस काढल्यासारख्या बारीक, तिरक्या रेघा ओढा. एकच जाड पट्टा ओढला की मिशी न दिसता शाई सांडल्यासारखं दिसतं. वर पुन्हा पावडर दाबायची. पाचवी-सहावीच्या मुलींना एवढंच पुरे. त्यांच्या नाजूक कातडीला गोंद लावूच नये.

मोठ्या मुलींना क्रेपच्या, म्हणजे मेकअपसाठी मिळणाऱ्या नकली केसांची मिशी चालते. हे केस वेणी घातलेले मिळतात. ते ओले करून, ओढून वाळवले नाहीत तर मिशी कुरळीच राहते आणि शिवकालीन सरदार दाक्षिणात्य खलनायक वाटू लागतो. मिशी दोन तुकड्यांत चिकटवावी, नाकाखालची खोबण मोकळी सोडून. अखंड मिशी पहिल्याच मोठ्या आरोळीला मधून सुटते, कारण बोलताना हलते ती नेमकी तीच जागा. स्पिरिट गम (मिशी चिकटवायचा गोंद) लावल्यावर लगेच केस ठेवायचे नाहीत. बोट लावून बघा, चिकट तार आली की ठेवा आणि ओल्या फडक्याने दाबा. कोरड्या बोटाने दाबलं तर मिशी बोटाला येते. आदल्या दिवशी मनगटाच्या आत थेंबभर लावून खाज येते का पाहावं. हा गोंद पेट घेतो, म्हणून मेकअप आटोपल्याशिवाय नटराजापुढची समई पेटवू नये.

आणि वडापाव आधी, मिशी नंतर. हा क्रम चुकला की तिसऱ्या अंकाला निम्मं सैन्य सफाचट असतं.

मिशीपेक्षा अवघड असतात वेण्या. अंबाडा घालून वर फेटा बांधला तर डोक्यावर घागर ठेवल्यासारखं दिसतं. दोन्ही वेण्या डोक्यावरून उलटसुलट आडव्या नेऊन सपाट पिना माराव्यात, वर जाळी. मोठ्या माणसाचा तयार फेटा नाकावर उतरतो. आतल्या कडेला वर्तमानपत्राच्या घडीची पट्टी कोंबली की बसतो (आपली रविवार पुरवणी यासाठी जाडीला अगदी योग्य आहे). धोतराखाली इलॅस्टिकची चड्डी हवीच. काष्टा आणि निऱ्या त्या इलॅस्टिकला सेफ्टी पिनांनी टाचा. नुसत्या गाठीवर विसंबलेलं धोतर लढाईत हमखास सुटतं.

३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचं नाटक असतं. तिथे सावित्रीबाई व्हायला चढाओढ असेल असं बाहेरच्याला वाटेल. प्रत्यक्षात भांडण जोतिबांच्या पार्टावरून होतं, कारण पागोटं तिकडे. मग घरून पांढरी दाढी लावून येतात आणि सावित्रीबाईंच्या कपाळावर सुरकुत्या काढलेल्या असतात. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या आणि जोतिराव जेमतेम एकविशीचे. दहावीतल्या मुलीला सुरकुत्यांची गरजच नाही, ती जवळपास त्याच वयाची आहे.

यापुढची अडचण मेकअपची नाही. रोज शेजारी बसणारी मैत्रीण मिशी लावून आली की अख्खं सभागृह फुटतं आणि पहिली दोन वाक्यं कुणालाच ऐकू येत नाहीत. म्हणून मिशीवाल्या पात्राला आल्या आल्या महत्त्वाचं वाक्य देऊ नये. त्याने फेऱ्या माराव्यात, घसा खाकरावा, पाणी मागावं. आणखी चांगला उपाय म्हणजे दोन दिवस आधी मधल्या सुट्टीत मिशीसकट सगळ्या वर्गांतून फिरवून आणायचं. निम्मं हसू तिथेच संपतं. बाईंचंसुद्धा.

पालकांना एक विनंती: घरातला परमनंट मार्कर मिशीसाठी वापरू नका. दुसऱ्या दिवशी घटक चाचणीला मुलगी मिशीसकट बसते. तरी झालंच, तर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा आणि कोमट पाण्याने धुवा. थिनर, रॉकेल नको. चिकटवलेली मिशीही ओढून काढू नये, कडेने तेल मुरवत सोडवावी.

नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या या गावात रंगभूषाकारांची कमी नाही. त्यांच्यापैकी कुणी येत्या ५ नोव्हेंबरला शाळांतल्या शिक्षिकांसाठी अर्ध्या दिवसाचा वर्ग घेतला तर फार सोय होईल. सरावासाठी लांब वेण्यांच्या दोन मुली आणि आठ मीटरचा फेटा आम्ही घेऊन येऊ.

– काही शिक्षिका, सांगली